फुकट आहे, पण बसवणार कोण?

"फुकट आहे की सर! उतरवून घ्यायचं नि वापरायचं!"

हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी ते म्हटलं की माझा हात आपोआप छडी शोधायला लागतो. (घाबरू नका, नोकरीतसुद्धा ती फारशी वापरली नाही.) म्हणणारी माणसं वाईट नसतात. कुणी कॉलेजात प्राध्यापक असतो, कुणी पुण्यात संगणक कंपनीत कामाला असलेला आपलाच भाचा असतो, कुणी एका दिवसाच्या कार्यशाळेला आलेला पाहुणा असतो. हार-नारळ होतात, पडद्यावर चित्रं दाखवली जातात, 'हे सगळं फुकट आहे' असं सांगितलं जातं, टाळ्या पडतात, फोटो निघतो, सर्टिफिकिटं वाटली जातात. पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला परत. दुसऱ्या दिवशी लोह्यातल्या एखाद्या खोलीत एक पोरगी जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते, ते फुकटचं सॉफ्टवेअर उतरवायला घेते, आणि तिथून पुढं तिच्यासोबत कुणीच नसतं.

तर मंडळी, आजचा विषय गणिताचं मुक्त सॉफ्टवेअर. पुण्याची ताई आणि परदेशातली भाचरं हे वाचतात, त्यातल्या निम्म्यांना हे रुक्ष वाटेल. वाटू द्या. मागच्या वेळी आंब्याच्या लोणच्यावर लिहिलं होतं, ते पुन्हा वाचा.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे 'तुम्हाला काय कळतंय' हा प्रश्न निकालात निघेल. मी बहात्तरच्या दुष्काळात बी.ए. झालो, मराठी माध्यमातून. गणित हा माझा विषय नव्हे. पण खेड्यातल्या शाळेला गणिताचा माणूस मिळत नसे, म्हणून पाचवी ते सातवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं आणि निवृत्त होईपर्यंत गळ्यातच राहिलं. अपूर्णांक शिकवता शिकवता मला ते आवडायला लागलं. संगणक घरात आला निवृत्तीनंतर, नातवामुळं. नातू पुण्याला गेला, संगणक राहिला. आता गल्लीतली कॉलेजची पोरं अडलं की येतात. मी त्यांना गणित सांगत नाही, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. मी त्यांच्याशेजारी बसतो, एवढंच.

आता हे सॉफ्टवेअर काय ते थोडक्यात. मॅथेमॅटिका, मॅपल, मॅटलॅब ही गणित करणारी मोठी आणि विकतची सॉफ्टवेअर आहेत. त्यांना पर्याय म्हणून २००५ साली विल्यम स्टाइन नावाच्या अमेरिकेतल्या एका गणितज्ञानं 'सेज' सुरू केलं. त्यानं सगळं नव्यानं नाही लिहिलं. आधीची चांगली मुक्त सॉफ्टवेअर एका धाग्यात ओवली. त्यातलं एक आहे मॅक्सिमा. त्याचं मूळ एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या मॅक्सिमात नव्हे, मॅकसिमात आहे (नावं अशीच असतात, मी काय करू). विल्यम शेल्टर नावाच्या प्राध्यापकानं ते १९८२ पासून जिवंत ठेवलं, १९९८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं करायची परवानगी मिळवली, आणि २००१ मध्ये तो वारला. आज सेजमध्ये कलन करताना आत बहुतेकदा त्याचंच मॅक्सिमा काम करत असतं.

आणि नोटबुक म्हणजे लॅपटॉप नव्हे. ही ब्राउझरमध्ये उघडणारी वही असते. तिच्यात चौकटी असतात. चौकटीत गणित लिहायचं, शिफ्ट दाबून एंटर मारायचं, की खाली उत्तर. दोन चौकटींच्या मध्ये आपल्या शब्दांत टिपण लिहिता येतं, मराठीतसुद्धा. फर्नांडो पेरेझनं २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथनमधून २०११ ला ही वही आली, आणि २०१४ पासून ती ज्युपिटर या नावानं ओळखली जाते. जन्मभर ज्यानं वह्या तपासल्या त्याला ही गोष्ट का आवडली असेल ते सांगायला नको. पायऱ्या दिसतात! 'उत्तर बरोबर, रीत कुठाय?' हा माझा आयुष्यभराचा लाल पेनातला शेरा या वहीत लिहावाच लागत नाही.

आता भांडणाकडे येतो.

'फुकट' हा शब्दच घोटाळ्याचा आहे. मुक्त सॉफ्टवेअरचं मोठेपण ते फुकट असण्यात नाही, ते उघडून बघता येण्यात आहे. आमच्या तालुक्यात माळेगावची यात्रा भरते, खंडोबाची. तिथं घोडं घेणारा माणूस आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो. दात बघू न देणाऱ्याकडून कुणी घोडं घेत नाही, फुकट दिलं तरी संशय येतो. विकतचं गणिताचं सॉफ्टवेअर दात बघू देत नाही. उत्तर देतं, पण ते कसं काढलं ते आतून बघायला देत नाही. सेज देतं. एखाद्या क्रियेच्या नावापुढं दोन प्रश्नचिन्हं टाकून चौकट चालवली, की ती क्रिया ज्या ओळींनी लिहिली आहे त्या बहुतेकदा समोर उघडतात. हे ज्या दिवशी आमच्या पोरीला दाखवलं त्या दिवशी ती म्हणाली, "म्हंजे हे कुण्यातरी माणसानं लिहिलंय की गुरुजी!" होय माय, माणसानंच लिहिलंय. हे कळण्यासाठीच तर सगळी खटपट.

पण दात बघण्याआधी घोडं दारात यायला पाहिजे ना? तिथंच सगळं अडतं. आणि त्या अडण्याविषयी कुणी बोलत नाही.

ही मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील टेम्पो चालवतात, त्यांना मी सातवीत शिकवलेलं. लॅपटॉप नांदेडहून घेतलेला, जुना, चार जीबी मेमरीचा. ती पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, हे उघडंना गेलंय." मी म्हटलं बस, बघू. ते बघणं आठ संध्याकाळी चाललं. काय काय निघालं त्यातून ते सांगतो, कारण 'फुकट आहे की' म्हणणाऱ्यांनी हे ऐकलंच पाहिजे.

विंडोजवर सेज थेट बसवायची सोय होती ती ९.३ या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत. जुन्या चिठ्ठ्या आणि जुने व्हिडिओ अजून तीच वाट दाखवतात. त्यानंतरची वाट अशी, की विंडोजच्या पोटात आधी लिनक्स बसवायचं. त्याला डब्ल्यूएसएल म्हणतात. आज्ञा एका ओळीची आहे. पण ती चालली नाही, कारण यंत्राच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये, ज्याला बायोस म्हणतात, आभासीकरणाचा खटका बंद होता. तो उघडायला यंत्र सुरू होताना ठरावीक बटण दाबावं लागतं, आणि ते बटण प्रत्येक कंपनीचं वेगळं! मग लिनक्स बसलं. मग त्यात सेज उतरवायचं, ते जीबीच्या हिशेबात, आणि नेट कुठलं तर वडिलांच्या मोबाईलचं. वडील टेम्पो घेऊन गेले की नेट गेलं. दोनदा अर्ध्यावर तुटलं.

मधल्या काळात म्हटलं, सेज राहू दे, नुसतं पायथन आणि वही तरी विंडोजवर बसते का बघू. तर तिथं निराळीच गंमत. लॅपटॉप सुरू करताना तिनं हौसेनं आपलं नाव मराठीत टाकलं होतं, देवनागरीत. त्या नावाचं फोल्डर तयार झालेलं. आणि बसवणारा प्रोग्राम त्या फोल्डरच्या नावावर अडून बसला. नावात रिकामी जागा असली तरी असंच कुरकुरतं. यावर उपाय सोपा आहे, साध्या रोमन अक्षरांच्या वाटेवर, मुळाशी एक वेगळं फोल्डर करून तिथं बसवायचं. पण हे कुणीतरी सांगायला पाहिजे. पोरीला वाटलं, मराठी नाव टाकलं हाच आपला गुन्हा. चेहरा उतरला तिचा. मला राग आला तो तिथं.

शेवटी सेज बसलं. चालू केलं, आणि काळ्या खिडकीत भराभर ओळी आल्या, पण ब्राउझर काही उघडेना. तिला वाटलं बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. त्या ओळींच्या शेवटी एक लांबलचक पत्ता असतो, त्यात गुप्त अक्षरांची शेपटी जोडलेली असते. तो पूर्ण पत्ता, शेपटीसकट, उचलून ब्राउझरमध्ये चिकटवायचा. वही उघडली. मग 'आता ही काळी खिडकी कशाला' म्हणून तिनं ती बंद केली, आणि वही मेली. कारण ती काळी खिडकी म्हणजे दुकान आणि ब्राउझर म्हणजे नुसता गल्ला. दुकानाचं शटर ओढल्यावर गल्ल्यावर कोण बसणार?

आणि मग सगळ्यात मजेची. वही उघडली, चौकटीत दोनचा घन काढला, टोपीचं चिन्ह वापरून. उत्तर आलं १. दोनचा घन एक! सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आठ दिवस खपून हे शिकलात का?" यंत्र चुकत नव्हतं. वहीला मागून चालवणारं इंजिन निवडावं लागतं, त्याला कर्नल म्हणतात. निवडलं होतं साधं पायथन. पायथनमध्ये टोपीचा अर्थ घात नव्हे, ती दोन संख्यांच्या द्विमान अंकांवरची एक निराळीच क्रिया आहे, आणि तिच्या हिशेबानं दोन टोपी तीन म्हणजे खरोखरच एक. कर्नल बदलून सेज केलं, की आठ. तीच चौकट, तीच अक्षरं. मग एक तृतीयांश अधिक एक तृतीयांश करून बघितलं. पायथन म्हणालं ०.६६६ आणि पुढं सहाच सहा. सेज म्हणालं दोन तृतीयांश. मंडळी, तीस-पस्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की छेद समान आहे, अंशांची बेरीज करा, दशांश करून सांडलवंड करू नका. माझं ऐकणारा यंत्रातला पहिला विद्यार्थी मला त्या दिवशी भेटला.

आता सांगा, यातली कुठली गोष्ट 'गणित' नव्हे म्हणून टाकून देण्यासारखी आहे? चिन्हाचा अर्थ कोण वाचतोय त्यावर ठरतो, हे त्या एका चुकीच्या उत्तरामुळं जसं कळलं तसं कुठल्या व्याख्यानानं कळलं असतं? माझं म्हणणं इतकंच आहे, की बसवणं, अडणं आणि अडलेलं सोडवणं हाच या शिक्षणाचा पहिला धडा आहे. आणि आमच्याकडं तो धडा गाळला जातो. वेळापत्रकात त्याला तास नाही, कुणाच्या पगारात त्याचा हिशेब नाही, परीक्षेत त्याला गुण नाहीत.

गाळण्याच्या आमच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, दुकान. गावात संगणक दुरुस्तीवाला असतो, काहीही अडलं की तो म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागंल." पैसे घेतो, सगळं पुसतो, विंडोज नव्यानं भरतो, वर चोरीची दोन-चार सॉफ्टवेअर 'टाकून' देतो. अडचण काय होती ते त्यालाही कळत नाही, पोरालाही नाही. ढेकूण झाला म्हणून घर जाळायचं आणि वर घर नवं झालं म्हणून पैसे द्यायचे! दुसरी तऱ्हा, चोरीचं मॅटलॅब. लाखाची वस्तू, कुलूप तोडलेली, पेन ड्राइव्हवरून फिरते. ज्या खोलीत प्रामाणिकपणावर सुविचार लिहिलेला असतो त्याच खोलीत ती चालू असते. कायद्याचं सोडा, माझा आक्षेप साधा आहे. चोरीच्या घोड्याचेही दात बघता येत नाहीत.

तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट, कारण तिला शिक्षकांची मान्यता आहे. एका कॉलेजात, नाव घेत नाही, पायथनच्या प्रॅक्टिकलची जर्नल मी डोळ्यांनी पाहिली. प्रोग्राम निळ्या पेनानं, उत्तर पेन्सिलीनं, समासात चौकोन, सही, शिक्का. पोराला विचारलं, "हे चालवून बघितलंस का रे?" तो म्हणाला, "नाही सर, लॅबमध्ये सॉफ्टवेअर बसंना गेलं म्हणून सरांनी फळ्यावर औटपुट लिहून दिलं." म्हणजे यंत्रानं द्यायचं उत्तर सरांनी दिलं, आणि मुलांनी यंत्राचं काम केलं! पोहण्याची परीक्षा कोरड्या विहिरीत घेतली तर सगळे पास होणारच.

त्या सरांनाही मी पूर्ण दोष देत नाही. तासिका तत्त्वावरचा माणूस, तासाचे पैसे मिळतात, सॉफ्टवेअर बसवण्याचे नाहीत. पण मग विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पायथन, मॅक्सिमा, सायलॅब लिहिणाऱ्यांनी 'प्रत्येक यंत्रावर हे बसवून, चालवून दाखवणे' हे पहिलं प्रॅक्टिकल म्हणून का लिहू नये? त्याला दहा गुण का ठेवू नयेत? अडचण कुठली आली, ती कशी सोडवली, एवढं दोन पानं मराठीत लिहा, झालं प्रॅक्टिकल.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. ते येतीलच, भाच्यानं तर फोनवर आधीच सुरू केलेत.

एक म्हणे, 'ऑनलाइन वापरा ना मामा, बसवायचं कशाला?' खरं आहे, सेजची एक चौकट इंटरनेटवर तशीच मिळते, काही न बसवता, खातं न उघडता. कोकॅल्क आहे, गूगलचं कोलॅब आहे. मी पोरांना सुरुवात तिथूनच करायला सांगतो, पहिल्या दिवशी हिरमोड होत नाही. पण नेट गेलं की वही गेली. आणि दुसऱ्याच्या ओट्यावर रोज बसता येतं म्हणून आपल्या घराला ओटा नको, असं थोडंच आहे?

दुसरा म्हणे, आता एआयला विचारलं की सगळं सांगतंय. विचारा की! चुकीचा संदेश त्याला चिकटवला तर बऱ्याचदा कामाचा सल्ला मिळतो, मीही विचारतो. पण काळी खिडकी बंद केली हे पोरीनं त्याला सांगितलंच नसतं, कारण ते सांगण्यासारखं आहे हेच तिला माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्या माणसाला ते दिसतं.

तिसरा आक्षेप मात्र जिव्हारी लागतो. 'आपल्या मुलांना इंग्रजी येत नाही, त्यांना हे झेपणार नाही.' हे म्हणणारे बहुतेक मराठी शाळेचेच मास्तर असतात, म्हणून जास्त लागतं. अरे, आमच्या तालुक्यातला शेतकरी सातबारा वाचतो! त्यातले रकाने, फेरफार, पोटखराबा, इतर हक्क. बोजा कुठं चढलाय ते बोट ठेवून दाखवतो. त्याच्या पोराला चार ओळींचा चुकीचा संदेश वाचता येणार नाही? फक्त कुणी रीत सांगितलेली नाही. पायथनचा संदेश खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत चुकीची जात असते. त्याच्या वर ती कुठल्या ओळीत झाली ते असतं. पोरं पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात, दहा अनोळखी फोल्डरांची नावं बघतात आणि घाबरून लॅपटॉप मिटतात. शेवटच्या ओळीत येणारे नेहमीचे शब्द आठ-दहा आहेत. नाव सापडलं नाही, मांडणी चुकली, प्रकार जुळला नाही, शून्यानं भागलं, समास चुकला. एका पानात मावतात. पाढे पाठ करणाऱ्या पोरांना हे जड आहे होय?

आणि भाषेचं म्हणाल तर हा मुलूख निजामाचा होता. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं उच्च शिक्षण उर्दूतून होतं, आणि त्यासाठी आधी भाषांतराचं स्वतंत्र खातं उभं केलं होतं. बीजगणिताला जब्र-ओ-मुक़ाबला म्हणत. आमच्या शिक्षकांच्या पिढीतले कित्येकजण त्या शब्दांवरच वाढले. राज्य कुणाचं, कसं, हा वाद बाजूला ठेवा. पण देशी भाषेत वरचं गणित शिकवायचं तर आधी भाषांतराला माणसं बसवावी लागतात, पगार द्यावा लागतो, एवढं त्या दरबाराला कळत होतं.

काम झालेलंच नाही असं मी म्हणणार नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं केंद्र सरकारच्या पैशातून फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल हे प्रकल्प उभे राहिले. दहा-दहा मिनिटांचे धडे, बाजूला चालू ठेवून समोर आपण करत जायचं. मराठीतसुद्धा आहेत. पायथनच्या जुन्या मालिकेत सेजचे धडे आहेत. फॉसीनं आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली, पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये उतरवून देणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन दिलं. कामाला दाम! मी या धड्यांचा ऋणी आहे. पण व्हिडिओची एक जन्मजात मर्यादा असते, त्यातलं यंत्र कधी अडत नाही. शिकवणारा एंटर मारतो आणि उत्तर येतं. आमच्याकडं एंटर मारल्यावर जे येतं ते त्या व्हिडिओत नसतं. तिथून पुढचं काम तालुक्याच्या गावातल्या माणसाचंच आहे, आणि त्या कामासाठी तालुक्यात कुणाची नेमणूक नाही. क्रीडा शिक्षक असतो, ग्रंथपाल असतो, निदान कागदावर तरी. हा माणूस कागदावरही नाही.

वही चालू झाल्यावर आम्ही पहिलं गणित कुठलं केलं ते सांगितलं नाही. कापरेकरांचं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेत मास्तर. जन्म डहाणूचा, १९०५. विद्यापीठाची मोठी पदवी नाही, पण संख्यांचं वेड. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा कुठं जगाला कळलं. त्यांचा ६१७४ आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो, आणि मग तिथंच घुटमळतो.

मी म्हटलं, एक-दोन नको, सगळ्या कर. १००० पासून ९९९९ पर्यंत, सारखे अंकवाल्या नऊ वगळून ८,९९१ संख्या होतात. तिनं लिहिलं, चालवलं. पहिलीच संख्या १०००, आणि उत्तर आलं शून्य. "कापरेकर चुकले काय गुरुजी?" कापरेकर चुकत नाहीत. कागदावर करून बघ म्हटलं. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. यंत्रानं ते तीन अंकी धरलं, ९९९ मधून ९९९ वजा केले, शून्य. पण कापरेकरांच्या खेळात घरं चारच असतात, ते ०९९९ आहे. तिनं पुढचं शून्य परत बसवलं. मग ०९९९ वरून ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४, पाच फेऱ्यांत. एक सेकंदही लागला नसेल, सगळ्या ८,९९१ संख्यांचा निकाल. त्यातल्या १,९८० संख्यांना पूर्ण सात फेऱ्या लागतात, सगळ्यात जास्त म्हणजे २,१२४ संख्यांना तीन. हे आकडे पुस्तकात बघून लिहिलेले नाहीत, लोह्यात काढलेत, चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर. ती म्हणाली, "आता पाच अंकी करू का?" (पाच अंकीत अशी एकच संख्या येत नाही, फेरे निघतात. ते तिनं मला सांगितलं, मी तिला नाही.)

त्याच संध्याकाळी तिनं आणखी एक शोधून काढलं. पायथनमध्ये चौकटीतल्या नावांना मराठी नावं देता येतात. 'फेरी', 'बेरीज', 'उतरता' अशी. चालतात! मराठी आकडे तसेच टाकले तर मात्र ते अडतं, पण अवतरणात घालून 'याची संख्या कर' म्हटलं, की ६१७४ हे देवनागरी आकडे तो मुकाट्यानं संख्या म्हणून घेतो. जिचं मराठी नाव बघून तो बसवणारा प्रोग्राम अडला होता, तिनं आपला सगळा प्रोग्राम मराठी नावांनी लिहिला. मी काहीच बोललो नाही, चहा टाकायला सांगितला.

असो. आमच्या घरी आता एक दोनशे पानी वही आहे, खरी, कागदाची. डाव्या पानावर काय अडलं आणि शेवटच्या ओळीत काय लिहून आलं ते, जसंच्या तसं. उजव्या पानावर काय केल्यावर सुटलं ते, मराठीत. कंधारचा एक मुलगा येतो, त्यानं वर्डमधून प्रोग्राम उचलून चिकटवला होता आणि वर्डनं साधी अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवली होती, ते त्यात आहे. समासात कुठं टॅब कुठं रिकाम्या जागा, ते आहे. खालची चौकट आधी चालवली आणि वरची नंतर, म्हणून जुनंच उत्तर येत राहिलं, तेही आहे. त्यावर उपाय म्हणजे कर्नल पुन्हा सुरू करून सगळ्या चौकटी वरून खाली चालवायच्या. फॉरमॅट मारायची गरज अजून एकदाही पडलेली नाही. ज्यांना हवी त्यांनी या वहीच्या पानांचे फोटो मागवावेत, आणि आपल्या गावची पानं मला पाठवावीत. शिक्षक मित्रांनो, निवृत्तांनो विशेषतः, तुम्हाला गणित येण्याची अट नाही. शेजारी बसता आलं पाहिजे, आणि 'खाली काय लिहिलंय ते वाच' एवढं म्हणता आलं पाहिजे.

एका पानाची उजवी बाजू मात्र अजून कोरी आहे. आलेख काढताना अक्षावर मराठीत 'किंमत' लिहिलं, तर पहिली वेलांटी क च्या आधी यायची ती नंतर पडते, आणि जोडाक्षरं सुटी होतात. देवनागरीचा फॉण्ट निवडून दिला, चौकोन गेले, अक्षरं आली, पण वेलांटी काही जागेवर जाईना. पोरीला तिच्या प्रोजेक्टात सोयाबीनच्या भावाचा आलेख मराठीतच हवाय, आणि तो पुढच्या महिन्यात द्यायचाय. कुणी हे सोडवलं असेल तर खाली प्रतिक्रियेत लिहा. जसं केलं तसं, पायऱ्यांसकट.